बारावी आणि कॉलेज यांच्यामधले चार महिने

जून महिन्यात तालुक्याच्या गावी एखाद्या ई-सेवा केंद्राबाहेर तासभर उभं राहून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, आणि ते पावसाने भिजू नयेत म्हणून पिशवी पदराखाली धरलेली आई किंवा आजी. शेजारी बारावी पास झालेली मुलगी. आत गर्दी, सर्व्हर डाऊन. दोन तासांनी नंबर लागतो, तेव्हा केंद्रावरचा मुलगा कागद उलटसुलट करून सांगतो, "ह्या दाखल्याची मुदत एकतीस मार्चला संपली. नवीन काढावा लागेल." अर्जाची शेवटची तारीख परवा असते.

गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशा मुलांचे फॉर्म भरायला बसतो, म्हणून हे दृश्य मला पाठ झालं आहे. मुलीला चांगले मार्क असतात. तिला शिकायचं असतं. घरच्यांचा विरोधही नसतो. तिच्यासाठी शासनाची शिष्यवृत्ती असते, आरक्षणाची जागा असते, वसतिगृह असतं. एवढं सगळं असून ऑगस्टमध्ये ती कॉलेजात नसते. मग आपण म्हणतो, "परिस्थितीमुळे शिक्षण सुटलं." परिस्थिती या शब्दाच्या आत हात घालून पाहिलं, तर अनेकदा एक कागद आणि एक तारीख हाताला लागते, आणि ती तारीख वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं हे कळतं.

ते सांगणारं माणूस शाळेत असावं, हेच त्याचं काम असावं आणि त्या कामाचा त्याला पगार मिळावा, अशी सोय म्हणजे शालेय समुपदेशनाचं धोरण. ऐकायला जड वाटतं, पण आतली गोष्ट सोपी आहे.

आधी 'समुपदेशन' या शब्दाबद्दल. आपल्याकडे समुपदेशक म्हटलं की मन खचलेल्या मुलाशी बोलणारे ताई किंवा सर डोळ्यासमोर येतात. परीक्षेच्या काळात बोर्ड फोन नंबर जाहीर करतं, तेही याच अर्थाने. हे काम मोलाचं आहेच. दुसरा अर्थ आपल्याला माहीत आहे तो 'करिअर मार्गदर्शन शिबिरा'चा: दहावीच्या मुलांना हॉलमध्ये बसवायचं, शहरातून पाहुणे बोलवायचे, त्यांनी दोन तासांत वैमानिकापासून फॉरेन्सिक सायन्सपर्यंत शंभर वाटा दाखवायच्या, आणि शेवटी हार, नारळ, चहा. मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. मी म्हणतो आहे ते समुपदेशन या दोन्हींपेक्षा साधं आणि जास्त चिकाटीचं आहे. प्रत्येक मुलाला नावाने ओळखायचं, त्याला कुठे जायचं आहे हे नववीपासून विचारत राहायचं, तिथे पोचायला कोणते कागद, कोणती परीक्षा, किती पैसे लागतात ते त्याच्यासोबत बसून लावायचं, आणि तो कॉलेजच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत सोडायचं नाही. शहरातल्या सुशिक्षित घरात हे काम आई, बाबा, मावशी, शेजारचे काका मिळून करतात. त्याला कुणी समुपदेशन म्हणत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

एक उदाहरण धरू. समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीतली मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. मुलगी आजीजवळ राहून बारावी सायन्स करते. आता तिचं वर्ष बघा. सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, अर्ज हिवाळ्यात सुरू होतात, तेव्हा आईवडील फडात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांची सही हवी, ते फडात. बँक खात्याला आधार जोडायचं, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि त्या मोबाइलला उसाच्या फडात रेंज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये निकाल. आईवडील परत येतात तोवर मार्च उलटून गेलेला असतो आणि जुन्या दाखल्यांची मुदतही. प्रवेशाचं वेळापत्रक आणि साखर कारखान्यांचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतात, आणि दोन्हीच्या मध्ये ही मुलगी उभी असते.

आता त्या पिशवीतले कागद एकेक करून पाहू. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथेच.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा ठिकाणी, राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे की नाही, हे जात पडताळणी समिती तपासते आणि मग व्हॅलिडिटी देते. त्यासाठी आपलं कुटुंब विशिष्ट तारखेच्या आधीपासून त्या जातीचं आणि महाराष्ट्रातलं आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात, त्या तहसील कचेरीतून काढायच्या. त्या मोडी लिपीत असल्या तर जाणकाराकडून वाचून घ्यायच्या. आणि पालावर जन्मलेल्या, गावोगाव फिरलेल्या आजोबांची नोंद १९६१ च्या आधी कुठल्या गावाने केली असेल, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. ज्यांच्यासाठी आरक्षण केलं, त्यांच्याकडेच त्याचा पुरावा असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

इथे एक जाणकार माणूस काय करू शकतो? तो नववी-दहावीतच एक प्रश्न विचारतो: "तुझे वडील, काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाकडे व्हॅलिडिटी आहे का?" वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे ती असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रासह तिचा आधार घेता येतो आणि काम बरंच सोपं होतं. अनेक घरांत एखादा चुलता एसटीत किंवा पोलिसात असतो, त्याने नोकरीसाठी व्हॅलिडिटी काढलेली असते, पण जमिनीच्या वादामुळे बोलणं बंद असतं. तो कागद मिळवायला कधी कधी शिक्षकालाच मध्ये पडावं लागतं. नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा आईबरोबर माहेरी वाढणाऱ्या मुलांची अडचण आणखी वेगळी, कारण पुरावे वडिलांच्या बाजूचे मागतात आणि त्या घराचं दार बंद असतं. कुठल्याही पोर्टलवर याचं उत्तर नसतं. कुणीतरी गाडीला किक मारून त्या गावाला जावं लागतं.

व्हॅलिडिटीला महिने लागतात. बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, आणि तो अकरावीतच केलेला बरा. निकालानंतर धावाधाव केली तर अर्जाची पावती दाखवून प्रवेश मिळतो, पण ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. शासन बहुतेक वर्षी मुदतवाढ देतं. तरी दरवर्षी काही मुलं त्या फटीतून खाली पडतातच.

दुसरा कागद नॉन-क्रीमी लेअर. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग) यांना तो लागतो, एससी-एसटींना नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या मर्यादेत आहे, असं तो सांगतो. गोम त्याच्या मुदतीत आहे. प्रवेशाच्या वेळी तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. हौसेने जानेवारीत काढून ठेवलेला एका वर्षाचा दाखला त्याच मार्चमध्ये संपतो आणि जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे लावून जास्त मुदतीचा काढला असता तर हे टळलं असतं. सुरुवातीला मी लिहिलेली ती आजी ३१ मार्चवरच अडली होती. ज्याने हे एकदा पाहिलं आहे तो पुढच्या वर्षी दहा मुलांना वाचवतो. म्हणूनच हे काम दरवर्षी त्याच माणसाने करायला हवं.

पैशाच्या बाजूला महाराष्ट्रात योजना कमी नाहीत. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे, अशा एससी आणि एसटी विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजना आहेत: एससी आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. मोलमजुरी करणाऱ्या घरासाठी ही रक्कम शिक्षण होणार की नाही हे ठरवते.

पण प्रत्येक योजनेला आत एक खिळा आहे. मुलींच्या फीमाफीचंच घ्या. ती केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून, आलेल्या मुलींनाच आहे. फेरीच्या तारखा चुकल्या आणि संस्थेच्या पातळीवर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तर तीच मुलगी, त्याच कॉलेजात, त्याच बाकावर बसून पूर्ण फी भरते. एका तारखेची किंमत इथे लाखात जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर वेगळा, वसतिगृहाचा वेगळा, आणि पैसे यायचे तर खातं आधारशी जोडलेलं हवं. जोडलेलं म्हणजे नुसता पासबुकावर आधार नंबर असणं नव्हे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, याची नोंद बँकेकडून व्हावी लागते. हे 'सीडिंग' झालं नाही म्हणून मंजूर झालेली शिष्यवृत्ती अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती का अडकली हे त्यांना वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

मग पसंतीक्रम. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ते मोजक्या शहरांपुरते होते. यादीत पहिल्या क्रमांकावर जे कॉलेज टाकलं तेच मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. हा नियम ज्याला ठाऊक नाही, तो मैत्रिणीने टाकलं म्हणून ऐंशी किलोमीटरवरचं कॉलेज पहिलं टाकतो. तिथे एसटी जाते का, वसतिगृह आहे का, हे नंतर कळतं. इंजिनिअरिंगच्या पसंतीक्रमासाठी शहरात हजारो रुपये घेऊन याद्या करून देणारे लोक आहेत. ज्याला ते परवडतं त्याच्याकडे समुपदेशक आहे. ज्याला परवडत नाही त्याच्याकडे सायबर कॅफेवाला आहे, आणि त्याच्यामागे पन्नासजणांची रांग आहे.

"पण सगळी माहिती नेटवर आहे की!" हे वाक्य मी अधिकाऱ्यांकडून आणि चांगल्या मनाच्या लोकांकडूनही ऐकतो. माहिती आहे, हे खरं. त्याने किती फरक पडतो, याचा एक पक्का प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तिथे कॉलेजसाठी सरकारी मदत हवी तर 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो, आणि तेव्हा तो फार लांबलचक होता. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनात काही अभ्यासकांनी अशी शक्कल लढवली की, कमी उत्पन्नाची कुटुंबं आयकराचं विवरणपत्र भरून घ्यायला एका कंपनीच्या कार्यालयात येतातच, तर तिथेच त्यातल्या काहींचा हा अर्ज भरून द्यायचा. उत्पन्नाचे आकडे समोर होतेच, त्यामुळे काम काही मिनिटांचं. दुसऱ्या एका गटाला अर्ज भरून दिला नाही. तुम्हाला साधारण किती मदत मिळू शकेल, एवढी माहिती फक्त दिली. पुढची तीन वर्षं या मुलांकडे लक्ष ठेवलं. अर्ज भरून दिलेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांमध्ये कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीच फरक पडला नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या प्रवेशाच्या टेबलावरचा अनुभव कुणीतरी आकड्यात मांडला आहे, असं वाटलं. माहितीपत्रक हातात दिलं की मूल मान डोलावतं. शेजारी खुर्ची ओढून बसलं की मूल प्रश्न विचारतं.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीला नाव दिलं आहे: उन्हाळी गळती. कॉलेजात प्रवेश पक्का झालेली गरीब घरांतली बरीच मुलं शाळा संपल्यानंतर आणि कॉलेज सुरू होण्याआधीच्या महिन्यांत गळून जातात. शाळेतला समुपदेशक सुट्टीवर असतो, कॉलेजने अजून त्यांना आपलं म्हटलेलं नसतं. आपल्याकडेही तंतोतंत हेच आहे. मे महिना लागला की शाळा-कॉलेजला सुट्टी लागते, ती जूनच्या मध्यापर्यंत आणि विदर्भात त्याहून पुढे. निकाल त्याच मेमध्ये लागतो आणि अर्जही त्याच दिवसांत सुरू होतात. मुलाला सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हा शाळेच्या गेटला कुलूप असतं. शिक्षकांना सुट्टी मिळू नये असं मी म्हणणार नाही. मात्र या दीड-दोन महिन्यांत प्रत्येक शाळेत एक माणूस हजर असेल आणि त्याला त्या दिवसांची भरपाई रजा मिळेल, एवढा आदेश निघाला तरी खूप काही बदलेल. समुपदेशनाच्या धोरणातला हा सर्वांत स्वस्त तुकडा आहे आणि माझ्या मते पहिला.

याचा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही, असं मात्र नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानला आणि प्रत्येक शाळेला पूर्णवेळ माणूस देणं जमत नसेल तर दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्यावा, असं सुचवलं. साठ वर्षं झाली. तालुक्यातल्या दहा शाळांना आज विचारा, तो समुपदेशक शेवटचा कधी आला होता. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली, काही वर्षांनी ती थांबली. मे २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं. त्यावर अभ्यासक्रम, कॉलेजं, शिष्यवृत्त्या यांची माहिती मराठीतही आहे, आणि ती उपयोगी आहे. कल कळणं चांगलं, वाटा कळणंही चांगलं. पण वाटेवर सोबत चालणारं माणूस या दोन्हीत नाही.

ते का नाही, याचं कारण शाळेच्या संचमान्यतेत सापडतं. संचमान्यता म्हणजे कुठल्या शाळेत किती पदं मंजूर, याचा सरकारी तक्ता. त्यात मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई येतात. समुपदेशकाचा रकाना अनुदानित शाळेत सहसा नसतोच. रकाना नाही म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे माणूस नाही. मग मुख्याध्यापक उत्साही शिक्षकाला सांगतात, "तुम्ही बघा जरा." ते सर आठवड्याचे पूर्ण तास घेऊन, निवडणुकीची कामं करून, उरलेल्या वेळात 'जरा' बघतात. अशा शिक्षकांनी महाराष्ट्रात अक्षरशः पिढ्या घडवल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण चांगला शिक्षक बदलून गेला की ती सोय त्याच्याबरोबर जाते. धोरण हवं ते एवढ्यासाठी.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात देशभरासाठी निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा तत्सम व्यक्ती असावी, असं त्यात आहे, आणि विद्यार्थी व पालकांसाठी नियमित करिअर समुपदेशनाचाही उल्लेख आहे. रोख मानसिक आरोग्याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र या निर्देशांच्या निमित्ताने पद निर्माण होणार असेल, तर त्या माणसाच्या कामाच्या यादीत प्रवेश आणि शिष्यवृत्ती हे शब्द आत्ताच घालून घ्यायला हवेत. फॉर्म चुकल्यामुळे वर्ष वाया गेलेल्या मुलाचं मन नंतर सावरण्यापेक्षा आधी फॉर्म नीट भरून देणं सोपं असतं.

पद निर्माण केलं की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेत १९५८ च्या एका कायद्याने शाळांतल्या समुपदेशकांसाठी सरकारी पैसा द्यायला सुरुवात झाली. तिथल्या समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं म्हणते. इतकी दशकं गेल्यावरही प्रत्यक्षात देशाची सरासरी साडेतीनशेच्या वरच आहे, आणि त्यांच्या गळ्यातही वेळापत्रक बनवणं, परीक्षांची व्यवस्था बघणं अशी कामं येऊन पडतात. आपल्याकडे तर शाळेत 'मोकळा' दिसणारा माणूस म्हणजे सगळ्या माहित्या भरणारा माणूस. म्हणून आदेशात पदाइतकंच महत्त्वाचं वाक्य हे असेल की या व्यक्तीला दुसरं कोणतंही काम देऊ नये.

त्याहून नाजूक धोका अपेक्षांचा आहे. "तुझ्या घरची परिस्थिती बघता आयटीआय कर, लवकर कमावशील," हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो. काही मुलांसाठी तो बरोबरही असतो, आणि आयटीआयला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. पण तोच सल्ला जातीवरून, वस्तीवरून किंवा ती मुलगी आहे म्हणून आपोआप तोंडातून येत असेल, तर समुपदेशकच दार लावून घेतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना समुपदेशकांनीच खालच्या वाटेला लावल्याच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. म्हणून प्रशिक्षणात फॉर्म आणि योजनांसोबत हेही शिकवायला हवं की मुलाला किती झेपेल हे आपण ठरवायचं नाही. त्याला काय हवं आहे ते ऐकायचं, मग वाट शोधायची.

कोल्हापूरचा इतिहास इथे आठवतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कॉलेज होतं, खेड्यातल्या मुलाला तिथे प्रवेशाची मनाई नव्हती. पण शहरात त्याला राहायला जागा कोण देणार? १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहता येईल असं बोर्डिंग काढलं आणि त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं. दार उघडं असणं वेगळं आणि त्या दारापर्यंत पोचता येणं वेगळं, हे या माणसांना तेव्हा कळलं होतं. आजच्या मुलाची अडचण पोर्टल, ओटीपी, मुदत आणि पसंतीक्रम अशा शब्दांत लिहिलेली आहे, एवढाच फरक.

अंतर अजून किती आहे, ते देशाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात दिसतं. २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणात नाव असलेल्यांचं प्रमाण देशभरात २८.४ टक्के होतं. अनुसूचित जातींमध्ये २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२. नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. नुसत्या जागा वाढवून ते होणार नाही.

मग नेमकं काय लिहिलेलं असावं या धोरणात? सगळ्यात जास्त भर मी एका वहीवर देईन. आज शाळा कशावरून मोजली जाते? निकालावरून. गेटवर फलक लागतो: बारावीचा निकाल शंभर टक्के. त्या शंभर टक्क्यांतली किती मुलं ऑगस्टमध्ये कुठे आहेत, हे शाळेला कुणी विचारत नाही. शाळा सोडल्याचा दाखला दिला की शाळेची जबाबदारी संपते. धोरणाने शाळेला एवढंच विचारावं: बारावी झालेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे ३१ ऑगस्टला तो कुठे आहे ते लिहा. कॉलेज, आयटीआय, नोकरी, घरी, लग्न झालं, पत्ता नाही. आणि 'घरी' लिहिलं असेल तर का, ते एका ओळीत. पाच-सहा शाळांची अशी वही एकत्र वाचली तरी त्या तालुक्यात मुलं नेमकी कुठे गळतात ते दिसेल. कुठे व्हॅलिडिटी, कुठे एसटीची फेरी, कुठे वसतिगृह. मग तहसीलदाराला सांगता येईल की दाखल्यांचा कॅम्प जूनमध्ये न ठेवता शाळेतच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्या, म्हणजे ३१ मार्चचा घोळच होणार नाही. ऊसतोडीच्या गावांत वडिलांच्या सह्या आणि बँकेचं काम दसऱ्याआधी, जोड्या निघण्यापूर्वी उरकता येईल.

माणसांचं काय? प्रत्येक लहान शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमणं सरकारला लगेच परवडणार नाही, हे मी मान्य करतो. कोठारी आयोगाचा दहा शाळांमागे एक हा हिशोब मला आजही व्यवहार्य वाटतो, फक्त एका जोडीसह: त्या प्रत्येक शाळेत एक शिक्षक, ज्याचे आठवड्याचे काही तास या कामासाठी अधिकृतपणे कमी केलेले असतील. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहेच. फिरत्या माणसाने अवघड प्रकरणं, जात पडताळणी समिती, समाजकल्याण आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय सांभाळावं. शाळेतल्या शिक्षकाने मूल सांभाळावं. आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आणि स्थलांतर करणाऱ्यांची गावं यांच्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे घरी विचारायला कुणी नाही.

हे धोरण येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या ओळखीत, तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंच्या घरात, सोसायटीच्या वॉचमनच्या किंवा शेतावरच्या गड्याच्या घरात कुणी नववी-दहावीत असेल, तर या आठवड्यात एवढं विचारा. जातीचा दाखला निघालाय का? वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी आहे का? आजोबांचा शाळेचा दाखला कुठे मिळेल? मुलाच्या नावाचं बँक खातं आहे का, आणि डीबीटीसाठी आधार त्यालाच जोडलंय का? आधारवरचं नाव, शाळेतलं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण शाळेच्या रजिस्टरमध्ये 'सुनिता' आणि आधारवर 'सुनीता' असेल तर पोर्टल हा अर्ज दोन वेगळ्या मुलींचा मानू शकतं. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मआधी ते दुरुस्त करून घेणं सोपं असतं. नंतर त्यासाठी बोर्डाच्या विभागीय कार्यालयात खेटे घालावे लागतात.